रद्द न झालेल्या बसचा मेसेज

मानेसरच्या एका कारखान्यातल्या दुसऱ्या पाळीच्या लोकांना ‘आज तुमची बस रद्द आहे’ असा मेसेज मी पाठवला, तेव्हा गुरगावच्या ऑफिसात माझ्या टेबलाशी बसून मी डब्यातले पोहे खात होते. पाठवला म्हणजे मुद्दाम नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे मी फक्त टेस्ट, म्हणजे प्रोग्राम नीट चालतो का ते पाहणाऱ्या तपासण्या, चालवल्या होत्या. स्क्रीनवर एकेक ओळ हिरवी होत गेली, म्हणजे सगळं पास. मी समाधानाने डब्याचं झाकण लावलं.

आमची कंपनी लहान आहे. कारखान्यांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळणारा प्रोग्राम आम्ही बनवतो, पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. मानेसरला काम करणारी माणसं आसपासच्या गावांत, भाड्याच्या खोल्यांत राहतात. कंपनीची बस त्यांना ठरलेल्या थांब्यावरून उचलते. बसला उशीर झाला किंवा मार्ग बदलला, तर आमचा प्रोग्राम प्रत्येकाच्या फोनवर मेसेज पाठवतो. त्यातला बस रद्द करण्याचा भाग मी त्या आठवड्यात नीट लावत होते. एकाच फाईलमध्ये कोंबलेला कोड मी दोन फाईलींमध्ये वेगळा केला होता. कोड तोच, फक्त जागा बदलली.

साडेबाराला फोन आला तो कारखान्याच्या ट्रान्सपोर्ट इनचार्जचा. आधी हिंदीत, फार शांतपणे, त्यांनी विचारलं, “मॅडम, आज दोपहर की बसें किसने कैंसल कीं?”

मी म्हटलं, “किसी ने नहीं.”

“मेरे पास तो सौ लोगों के फोन आ रहे हैं.”

मी लॉग, म्हणजे प्रोग्राम आपोआप ठेवतो ती नोंद, उघडला. साडेअकरा वाजता, माझ्या टेस्टच्या वेळी, मेसेजच मेसेज गेलेले. 

नेमकं काय झालं होतं ते मला दहा मिनिटांत कळलं, आणि ते इतकं साधं होतं की मला जास्तच राग आला. बस रद्द करणारा क्लास, म्हणजे कोडचा तो भाग, मेसेज पाठवणारी वस्तू (तीही कोडचीच) स्वतःच, स्वतःच्या पोटात तयार करत असे. टेस्टमध्ये खरे मेसेज जाऊ नयेत म्हणून आम्ही टेस्ट चालू असताना ती वस्तू गुपचूप काढून तिच्या जागी खोटी बसवत होतो. पायथनमध्ये हे सहज करता येतं. फक्त ती कुठल्या फाईलमधली वस्तू, हे नाव अचूक लिहावं लागतं. मी कोड नव्या फाईलमध्ये हलवला, पण टेस्टमध्ये जुन्याच फाईलचं नाव राहिलं. खोटी वस्तू जुन्या जागी बसली, नव्या जागी खरीच राहिली. त्यात भर म्हणजे टेस्टच्या मशीनवर खऱ्या नोंदींची नक्कल होती, खऱ्या फोन नंबरांसकट. टेस्टला काहीच खटकलं नाही. मेसेज गेला का, एवढंच ती तपासत होती. मेसेज गेलाच होता.

आम्ही लगेच दुसरा मेसेज पाठवला, बस वेळेवर आहे म्हणून. त्याने घोळ वाढला. काहींनी दुसऱ्यावर विश्वास ठेवला, काहींनी पहिल्यावर. एक वाजता बसगाड्या निघाल्या त्या निम्म्या रिकाम्या. कोणी शेअर ऑटोने लटकत आले, कोणी आलेच नाहीत.

संध्याकाळी राजीव चौकात मेट्रो बदलून मयूर विहारला घरी पोचले, तेव्हा बाबा बाल्कनीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर आमच्या हाउसिंग सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार तेच बघतात. मी त्यांना झालेलं सांगितलं आणि माफीचं पत्र लिहिलंय ते वाचा म्हणून फोन पुढे केला.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. “पहिल्या तीन ओळींत कारणंच आहेत.”

“मग? कारण नको सांगायला?”

“माफीच्या पत्रात कारण पहिलं आलं की ती माफी राहत नाही, खुलासा होतो. आधी चूक लिही. आणि खरं सांगू? पत्र पाठवूच नकोस. जाऊन ये.”

आई आतून म्हणाली, “मानेसरला? केवढ्या लांब!” पण बाबांचं ठरलं होतं आणि मलाही ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ट्रान्सपोर्ट इनचार्ज साठीच्या आसपासचे, ताठ बसणारे, मिशी नीट कापलेली. टेबलावर तीन फोन आणि बसगाड्यांच्या किल्ल्यांचा फळा. मी नाव सांगितलं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मराठीत विचारलं, “मराठी का? कुठल्या?”

“जन्म दिल्लीचाच. आईबाबा पुण्याचे.”

“मी साताऱ्याकडचा. फौजेत होतो. पोरीचं लग्न इकडं झालं म्हणून इकडंच राहिलो.” मग त्यांनी चहा मागवला आणि त्यांचा आवाज पुन्हा कामाचा झाला. “बोला ताई. काय झालं ते सांगा. पण मला कळेल असं.”

बाबांचा सल्ला आठवून मी आधी म्हटलं, “चूक माझी होती. माझ्या हातून मेसेज गेले.” मग कारण सांगितलं, कॉम्प्युटरचे शब्द टाळून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तुम्ही सराव करत होता आणि गोळी खरी निघाली.”

“हो.”

“फौजेत सरावाला वेगळी काडतुसं देतात. हातात द्यायच्या आधीच बघून देतात. बंदुकीवर सोडत नाहीत ते.” एवढं बोलून ते उठले. “चला, दुपारची बस यायची वेळ झाली.”

गेटपाशी बसमधून बायका उतरत होत्या, गळ्यात ओळखपत्रं, हातात डबे. इनचार्जनी एकीला थांबवलं. ती बिहारकडची होती, चाळिशीतली, वायर जोडण्याच्या लाइनवर काम करणारी. काल काय झालं ते मॅडमना सांग, असं ते तिला म्हणाले.

ती माझ्याकडे बघत हिंदीत म्हणाली, “मुझे पढ़ना नहीं आता. पड़ोसन ने पढ़कर बताया कि बस नहीं आएगी. तो मैं कपड़े धोने बैठ गई.” मग जरा हसली. “दूसरा मैसेज जब आया, पड़ोसन जा चुकी थी.”

तिची आदल्या दिवसाची हजेरी लागली नव्हती. इनचार्जनी तिची आणि बाकीच्यांची हजेरी लावून घ्यायचं मान्य केलं होतं, पण त्यासाठी त्यांना मॅनेजरसमोर उभं राहावं लागलं होतं. तिने मला दोष दिला नाही. बहुतेक तिला कळलंच नाही की मेसेज मी पाठवला. मी सांगितलं. ती म्हणाली, “अच्छा, आप भेजती हैं?” आणि तिला त्याचं कौतुकच वाटलेलं दिसलं. परतीच्या टॅक्सीत मला तेच जास्त लागलं.

ऑफिसात आल्यावर मी आमच्या टीम लीडसमोर जाऊन बसले. तो द्वारकेचा, मूळचा हरियाणाचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, कोड लिहिण्यात तरबेज आणि बोलण्यात आडवा. टेस्टच्या मशीनवरचे खरे नंबर त्याने त्याच सकाळी पुसून टाकले होते. त्याच्या मते विषय तिथे संपला होता.

“नंबर पुसले ते बरं केलंस,” मी त्याला हिंदीतच म्हटलं. “पण मूळ रोग तो नाही. आपले क्लास त्यांना लागणाऱ्या वस्तू स्वतः बनवतात. ते बंद करायचं. मेसेज पाठवणारी वस्तू बाहेरून हातात द्यायची. टेस्टमध्ये खोटी द्यायची, कारखान्यासाठी खरी. क्लासला कळायलाही नको कुठली आहे ती.”

“डिपेंडन्सी इंजेक्शन,” तो म्हणाला. चेहरा असा की कडू काढा प्यायलाय. “यार, ये जावा लैंग्वेज वालों की बीमारी है. पायथन में कौन करता है? फाइल का नाम गलत था, वो ठीक कर दो, बस.”

“पुढच्या वेळी आणखी कोणाचं चुकेल.”

“तो ध्यान से करो.”

“मी लक्ष देऊनच केलं होतं,” मी म्हटलं. “म्हणून तर म्हणतेय.”

तो आपल्या स्क्रीनकडे वळला. एरवी मी इथे गप्प बसले असते. पंधरा वर्षं कोड लिहूनही मीटिंगमध्ये माझं म्हणणं मी अर्ध्यावर सोडून द्यायचे. पण त्या दिवशी माझ्यापाशी एक पक्की गोष्ट होती: मी त्या गेटवर उभी राहून आले होते, तो नव्हता. मी दोन आठवडे मागितले. त्याने एक दिला, आणि तोही फक्त मेसेजच्या भागापुरता.

सुरुवात मी कुठलंच फ्रेमवर्क, म्हणजे असं काम करून देणारी तयार चौकट, न घेता केली. प्रत्येक क्लासला काय काय लागतं ते त्याच्या दारातच मागून घ्यायचं: मला मेसेज पाठवणारा द्या, मला नोंदवही द्या, मला घड्याळ द्या. घड्याळसुद्धा, कारण उद्याच्या सुट्टीची टेस्ट आज करायची असेल तर ‘आज कोणता दिवस’ हेही बाहेरून देता यायला हवं. होळीच्या दिवशी बस कशी वागते, हे पाहायला होळीची वाट बघावी लागू नये. चार दिवसांत टेस्टमधली सगळी गुपचूप अदलाबदल निघून गेली. टेस्ट वाचताच कळायला लागलं की कोणाच्या हातात काय दिलंय.

पण सगळं एकमेकांच्या हातात देण्याचं काम कोणीतरी करायला हवं ना! ते प्रोग्रामच्या पहिल्या फाईलमध्ये साठत गेलं. हे बनव, ते त्याला दे, ते दोन्ही तिसऱ्याला दे. फाईल लांबत चालली. एका ठिकाणी नवीन वस्तू घातली की पाच ठिकाणी हात लावावा लागे. तेव्हा मी फ्रेमवर्क आणलं. ते हेच करतं: कोणाला काय लागतं याची एक यादी आपण एका फाईलमध्ये लिहायची, आणि जोडणी त्याने करायची. टेस्टच्या वेळी यादीतली एक ओळ बदलली की पुरे.

त्या आठवड्यात घरी जेवताना बाबांनी विचारलं, “काय करतेस सध्या?” मी ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ असं नाव सांगितलं. ते म्हणाले, “इंजेक्शन म्हटलं की माझा दंड दुखायला लागतो.”

“बाबा, त्यात टोचायचं काही नसतं. लागेल ती गोष्ट बाहेरून पुरवायची.”

“मग पुरवठा म्हणा की!” आई म्हणाली आणि माझ्या पानात आमटी वाढली. आमच्या घरात मराठी शब्दांवर शेवटचा निकाल आईचाच. मला तो शब्द ऑफिसात वापरायची फार इच्छा झाली, पण तिथे समजणारं कोणी नव्हतं.

आठवड्याचे अडीच आठवडे झाले. लीडने कुरकुर केली, पण थांबवलं नाही. मग मी इनचार्जना ऑफिसात बोलावलं. मला त्यांच्या देखत दाखवायचं होतं. लीडही खुर्ची ओढून बसला, हाताची घडी घालून.

मी त्यांच्या दुसऱ्या पाळीची बस उघडली आणि म्हटलं, “आता मी ही रद्द करते. तुमचा फोन हातात धरा.”

त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. “नक्की ना?”

“नक्की.”

मी बटण दाबलं. स्क्रीनवर यादी आली: कोणाला, कोणत्या शब्दांत, कोणता मेसेज गेला असता. त्यांचं स्वतःचं नाव सगळ्यांत वर होतं; त्यांचा एकट्याचा खरा नंबर मी मुद्दाम परत घातला होता. ते फोनकडे बघत राहिले.  मग म्हणाले, “न्हाई आला की.”

“येणारच नाही. ह्या मशीनवर मेसेज पाठवणारी वस्तूच नाही. यादी लिहिणारी आहे.”

ते खूश झाले. स्वतःच दोन-तीन बसगाड्या रद्द करून पाहिल्या, मग त्यांच्या कारखान्याचं दुसरं युनिट उघडलं. आणि थबकले. “ताई, हे थांबे आमच्या ह्या युनिटचे नाहीत. ह्याची बस धारूहेड्याला जातच नाही.”

मी वाकून पाहिलं. खरंच, पहिल्या युनिटचे थांबे दुसऱ्याच्या पानावर दिसत होते. लीडने हाताची घडी सोडली. त्याने भुवई उचलली.

माझे कान गरम झाले.  पण पाहायचं कुठे ते मला माहीत होतं. जोडणीची ती एकच फाईल उघडली आणि वरून खाली वाचत गेले. फ्रेमवर्कला प्रत्येक वस्तूबद्दल सांगावं लागतं की ही सगळ्यांत मिळून एकच वापरायची, की दर वेळी नवी बनवायची. थांबे शोधणारी वस्तू आपण कुठल्या युनिटसाठी काम करतोय ते लक्षात ठेवत होती, आणि तिच्यापुढे मी लिहिलं होतं: सगळ्यांत मिळून एकच. पहिल्या युनिटचं तिने लक्षात ठेवलं आणि दुसऱ्यालाही तेच वाढलं. माझ्या टेस्टनी ते पकडलं नव्हतं, कारण प्रत्येक टेस्ट सगळं नव्याने जोडून घेत होती.

“सापडलं,” मी म्हटलं.

लीड उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी ती ओळ दाखवली, बदलली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. इनचार्जचा चहा अजून गरम होता. मग त्यांच्यासमोरच मी आणखी एक टेस्ट लिहिली: एकाच जोडणीतून आधी एक युनिट, मग दुसरं. जुनी ओळ परत घालून ती टेस्ट लाल होते हे दाखवलं, नवी ओळ घालून हिरवी. इनचार्जना त्या लाल-हिरव्यातलं किती कळलं माहीत नाही, पण निघताना ते लीडला हिंदीत म्हणाले, “मॅडम गलती मान लेती हैं और ठीक भी कर देती हैं. दोन्ही करणारी माणसं कमी असतात.” शेवटचं वाक्य मराठीत होतं, त्यामुळे ते फक्त मलाच कळलं. मी भाषांतर केलं नाही.

लीडने त्या दिवशी कौतुक केलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो त्याच्या भागातला एक क्लास घेऊन माझ्याकडे आला. “ये भी बाहर से दे सकते हैं क्या?” त्याचं आधीचं म्हणणं काही बाबतीत बरोबरही होतं, आणि ते मी त्याला सांगितलं. उत्साहात मी नको त्या गोष्टीही यादीत घातल्या होत्या. तारखेचा मजकूर जुळवणारं चार ओळींचं फंक्शन, त्यालाही बाहेरून पुरवठा! एक नवी मुलगी टीममध्ये आली, तेव्हा ती अर्धा दिवस शोधत बसली की हे येतं कुठून. आम्ही दोघांनी बसून अशा गोष्टी काढून टाकल्या. आमचा नियम साधा झाला: जे बाहेरच्या जगाला हात लावतं, मेसेज, नोंदी, घड्याळ, नकाशा, ते यादीत. बाकीचं जिथल्या तिथे.

मला मात्र त्या वायर जोडणाऱ्या बाईंचं वाक्य सोडत नव्हतं, मुझे पढ़ना नहीं आता. मेसेज अचूक गेला तरी त्यांच्यापर्यंत तो शेजारणीमार्फतच पोचणार. पुढच्या मीटिंगमध्ये मी मांडलं की ज्यांना हवं त्यांना मेसेजऐवजी फोन जावा, बोललेला. आधीच्या कोडमध्ये हे करायचं तर बस रद्द करणं, उशीर, मार्ग बदलणं, सगळीकडे खोदावं लागलं असतं. आता मी आणि त्या नव्या मुलीने फोन करणारा एक क्लास लिहिला आणि यादीत जोडला. बस रद्द करणाऱ्या क्लासला आम्ही हातसुद्धा लावला नाही. जेवणाआधी सुरू केलेलं काम चहाच्या वेळेला संपलं.

आवाज कोणाचा भरायचा, यावर चर्चा झाली. मशीनचा आवाज इनचार्जना ऐकवला तेव्हा ते म्हणाले, हा आवाज ऐकून लोक फोन ठेवतील, वाटेल कर्ज विकणारा आहे. माझी हिंदी चालली असती, पण फोनवर मी फार शाळेतल्या बाईंसारखी वाटते यावर सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी लीडच मीटिंगच्या खोलीत दार लावून बसला आणि त्याच्या भरदार हरियाणवी ढंगात बोलला: “नमस्ते. आपकी बस आज आधा घंटा लेट है. आराम से आइए.”

‘आराम से आइए’ कागदावर नव्हतं. त्याने आपल्या मनाने घातलं. मी ते ठेवलं.

बोलणारे फोन खऱ्या लोकांना पहिल्यांदा करायचे होते त्या दिवशी मी कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. आधी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ही नुसती चाचणी आहे. जेवणाची सुट्टी चालू होती, ताटांचा आवाज, पंख्यांची घरघर. मी बटण दाबलं. एका टेबलावर फोन वाजला, मग पलीकडे, मग खिडकीपाशी, आणि बघता बघता कँटीनभर वेगवेगळ्या गाण्यांचा कल्ला झाला. लोक फोन कानाला लावून ऐकत होते. एकाने तर उत्तरही दिलं, “ठीक है भैया, आते हैं.”

शेजारची टेबलं हसायला लागली. मी लीडला फोन लावला आणि फोन धरलेला हात उंच करून त्याला तो सगळा गोंगाट ऐकवला.